ट्रेलवरून ऑफिस: डब्ल्यू अँड ओडीवर रोज सायकल चालवणाऱ्यांसाठी धागा

चाकोरीबाहेर

उत्तर व्हर्जिनियात राहून सायकलने ऑफिसला जाणारे, किंवा निदान "या उन्हाळ्यात सुरू करायचंच" असं दर वर्षी म्हणणारे, अशांसाठी हा धागा. वीकेंडच्या राइड्स, लायक्राचे अंगाला चिकटणारे कपडे, किती मैल झाले त्याचे स्क्रीनशॉट यांसाठी इतर धागे आहेत. इथे डबा आणि लॅपटॉप कॅरिअरला लावून सोमवारी सकाळी निघणाऱ्यांचं बोलू.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: वॉशिंग्टन अँड ओल्ड डॉमिनियन (डब्ल्यू अँड ओडी) नावाची एक रेल्वे होती. ती १९६८ मध्ये बंद पडली. रूळ निघाले आणि त्या पट्ट्यावर हा चालण्या-सायकलीचा ट्रेल झाला. पहिला तुकडा १९७४ मध्ये फॉल्स चर्चला, आणि १९८८ मध्ये ट्रेल पार पर्सेलव्हिलपर्यंत पोचला. आर्लिंग्टनच्या शर्लिंग्टनपासून व्हिएन्ना, रेस्टन, हर्न्डन, अ‍ॅशबर्न, लीसबर्ग करत एकूण ४५ मैल, म्हणजे ७२ किमी. आगगाडीसाठी आखलेला असल्यामुळे चढ फार अंगावर येत नाहीत. मी व्हिएन्नाहून निघतो, आर्लिंग्टनमध्ये कस्टिस ट्रेलला वळतो आणि रॉस्लिनला उतरतो. कस्टिस मात्र आय-६६ महामार्गाच्या कडेकडेने वर-खाली, वर-खाली. तिथे आगगाडीची पुण्याई संपते.

डांबरी पट्टा बहुतेक ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंद. त्यात सायकलवाले, पळणारे, बाबागाडीवाले, कुत्रेवाले, रोलरब्लेडवाले, शाळेतली पोरं. त्यामुळे नवीन माणूस विचारतो तो प्रश्न ठरलेला: "एवढ्या गर्दीत भीती नाही वाटत?"

माझं मत असं की भीती चुकीच्या जागी वाटते. गर्दीत धडकलात तर खरचटेल, फार तर मनगट मोडेल. जिवावर बेततं ते ट्रेल रस्ता ओलांडतो तिथे. आणि हा ट्रेल रस्ते फार वेळा ओलांडतो.

दोन प्रकार सांगतो. पहिला सिग्नलवरचा. इथे लाल दिव्याला थांबून उजवीकडे वळता येतं. वळणाऱ्याची मान पूर्ण डावीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. त्याच्या उजव्या हाताने ट्रेलवरून येणारी सायकल त्याच्या हिशोबातच नसते. चालणारा माणूस दोन सेकंदांपूर्वी जिथे दिसला त्याच्या आसपासच सापडतो, सायकल तोवर थेट बंपरसमोर आलेली असते. रॉस्लिनला लिन स्ट्रीटचा चौक आहे, त्याला इथले सायकलवाले 'इंटरसेक्शन ऑफ डूम' म्हणतात ते उगाच नाही. तिथे आता बऱ्याच सुधारणा झाल्यात, तरी ड्रायव्हरशी नजरानजर झाल्याशिवाय मी पेडल मारत नाही. आणि काळ्या काचेमुळे चेहरा दिसत नसेल तर पुढच्या चाकाकडे बघतो. चाक वळायला लागलं की गाडी वळणार, मग इंडिकेटर काहीही म्हणो.

दुसरा प्रकार जास्त कपटी, कारण तो चांगुलपणातून होतो. दोन-दोन लेनचा रस्ता, सिग्नल नाही, फक्त झेब्रा पट्टे. अलीकडच्या लेनमधला सज्जन थांबतो, हसतो, हाताने "जा जा" करतो. आपण संकोचून पटकन निघतो. पलीकडच्या लेनमधल्याला आपण दिसतच नाही, कारण मध्ये या सज्जनाची भलीमोठी एसयूव्ही उभी! मी हात वर करून आभार मानतो आणि त्याच्या गाडीच्या नाकापाशी थांबून पलीकडे डोकावतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

तुमचे रूट, तुमच्या सवयी, तुमचे वाद, सगळं येऊ द्या.

हर्न्डनकर

मस्त धागा. हात दाखवणाऱ्या सज्जनांबद्दल +१००.

हर्न्डन ते रेस्टन, मग मेट्रो. छोटाच पल्ला. माझी भर: कॅनडा गीज. हे पक्षी कायदा मानत नाहीत, घंटी मानत नाहीत आणि पिल्लं असतील तर सायकलवर चाल करून येतात.

लोणकढी

मी सायकलवाली नाही, रोज संध्याकाळी चालणारी आहे. तेव्हा थोडं दुसऱ्या बाजूनं.

"गर्दीत फार तर मनगट मोडेल" हे वाक्य तुमच्या वयाला ठीक आहे हो. सत्तरीच्या माणसाला धक्का लागला तर खुबा मोडतो, आणि मग पुढचं सगळं आपण जाणतो.

माझे आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिने इकडे असतात. बाबांना गाडी नाही, भाषेचा थोडा संकोच, त्यामुळे ट्रेल हाच त्यांचा कट्टा. आता त्यांच्या सवयी बघा. जन्मभर डावीकडून चाललेली माणसं, इथे ट्रेलवरही आपोआप डावी कड धरतात. म्हणजे समोरून येणाऱ्या सायकलींच्या थेट वाटेत. तिघं-चौघं भेटले की ओळीत चालतात, कारण मागे-पुढे चालत गप्पा होत नाहीत. त्यात मागून एकजण सुसाट येतो आणि "ऑन युअर लेफ्ट!" (म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय) असं ओरडतो. आईला त्यातलं फक्त "लेफ्ट" ऐकू येतं आणि ती अदबीने डावीकडे सरकते. नेमकी तिकडेच सायकल.

एकदा एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला, पुढे जाऊन मागे वळून काहीतरी पुटपुटला. आई आठवडाभर ट्रेलवर गेली नाही. अपघात झाला नाही, कुठे नोंद नाही. पण तिचं चालणं बंद झालं ना?

तेव्हा क्रॉसिंगचं सगळं मान्य. पण ट्रेलवर गाडीवाल्याच्या जागी तुम्ही असता, हेही तितकंच खरं.

बिनगिअरचा

लोणकढी, हे पोचलं. व्हर्जिनियाच्या कायद्यातही तेच आहे: सायकलवाल्याने पादचाऱ्याला आधी वाट द्यायची आणि ओलांडण्यापूर्वी ऐकू येईल असा इशारा करायचा. म्हणजे घंटी ही सभ्यता वगैरे नाही, कायदाच आहे.

फक्त कशी वाजवायची ते कोणी शिकवत नाही. कानाशी येऊन वाजवली की माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस कुठल्याही दिशेला उडी मारतो. वीस-पंचवीस मीटरवरून एकदा, सावकाश. मग पेडल थांबवून अंदाज घ्यायचा: खांदा हलला का, कुत्र्याचा पट्टा आवरला का? काहीच हललं नाही तर कानात इअरफोन आहेत असं धरून चालायचं आणि चालीच्या वेगाने बाजूने जायचं. ओरडायचं मी सोडून दिलंय. घंटीला कुठलीच भाषा लागत नाही आणि डावं-उजवं सांगायची भानगडही नाही. पितळी घ्या, प्लास्टिकची टिकटिक कोणाला ऐकू जात नाही.

आणि देशी काका-काकू दिसले की मी "नमस्कार, बाजूने येतोय हं" म्हणतो. तेलुगू निघाले तरी हसतात.

लोणकढी

हाहा. अ‍ॅशबर्नमध्ये तेलुगूच निघण्याची शक्यता जास्त.

अंजिरी

चाकोरीबाहेर यांच्या क्रॉसिंगच्या मुद्द्याला एक जोड. मी विम्याच्या क्षेत्रात आहे, वकील नाही, हे आधीच सांगते.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की व्हर्जिनिया हे 'काँट्रिब्युटरी नेग्लिजन्स' मानणाऱ्या मोजक्या राज्यांपैकी आहे. मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा ही त्यातली बाकीची. साध्या भाषेत: अपघातात चूक ९९ टक्के ड्रायव्हरची आणि १ टक्का तुमची ठरली, तरी तुम्हाला भरपाई म्हणून छदामही मिळत नाही. इतर बहुतेक राज्यांत चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते, इथे दारच बंद. वॉशिंग्टन डीसीने २०१६ मध्ये कायदा बदलून सायकलस्वार आणि पादचाऱ्यांना यातून बरंच सोडवलं. म्हणजे रॉस्लिनहून 'की ब्रिज' हा पूल ओलांडून डीसीतल्या जॉर्जटाउनला गेलात की त्याच अपघाताचा हिशोब बदलतो!

आता ट्रेलवर क्रॉसिंगपाशी सायकलवाल्यांसाठी छोट्या स्टॉपच्या पाट्या असतात त्या आठवा. झेब्रा पट्ट्यांवर सायकलवाल्याला पादचाऱ्याचे हक्क आहेत हे बरोबर. पण पाटीला न थांबता सुळकन आत शिरलात आणि समोरच्या वकिलाने ते दाखवून दिलं, की तो एक टक्का त्याला मिळाला. रात्री पुढे पांढरा दिवा नसेल तरी तेच.

म्हणून दोन गोष्टी. पाटीला पाय टेकवा, निदान टेकवल्यासारखं तरी थांबा. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' कव्हर (धडक देणाऱ्याकडे विमा नसेल तेव्हाचं) किती आहे ते बघा. तुम्ही सायकलवर असतानाही ते साधारणपणे उपयोगी पडतं, एजंटकडून खात्री करून घ्या. सायकलीवर हजार डॉलर घालणारे लोक हे कव्हर मात्र किमान ठेवतात, हे मी रोज बघते.

चाकोरीबाहेर

अंजिरी, हे सोनं आहे. धाग्याच्या वर चिकटवायला हवं.

लोणकढी, खुब्याचा मुद्दा बिनशर्त मान्य. फॉल्स चर्चमध्ये याचं उत्तर प्रत्यक्षात बांधलंय: सायकलींना ११ फुटांचा वेगळा पट्टा, चालणाऱ्यांना ८ फुटांचा वेगळा. त्या मैलभरात कोणी कोणावर खेकसत नाही. माणसं तीच, डांबर तेवढं वाढलं. बाकीच्या ट्रेलचं असं रुंदीकरण होईपर्यंत उपनगरातल्या प्रत्येकाला एकमेकांच्या अंगावर घालून "जरा समजून घ्या" म्हणणं हा नियोजनाचा आळस आहे.

पुणेरी_पंप

पुण्याहून वाचतोय. तीन मीटर रुंद, ७२ किमी सलग, मध्ये डीपी नाही, वडापावची गाडी नाही, रिक्षा स्टँड नाही, आणि तरीही लोक तक्रार करतायत. माझ्या ऑफिसच्या वाटेवर सायकल ट्रॅक आहे. त्याची सुरुवात एका झाडाने होते आणि शेवट बसस्टॉपच्या पाठीत. मध्ये दुचाक्या उलट्या दिशेने येतात आणि वर आपल्यालाच विचारतात, "दिसत नाही का?"

जेलस आहे, दुसरं काही नाही. चालू द्या.

पोल्डरवाली

आम्स्टेलवीनहून. लोकांना वाटतं नेदरलँड्समध्ये सगळं आलबेल. पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट असते, हे खरं आणि तीच मोठी गोष्ट आहे. पण सायकल मार्गावर वेगाचा प्रश्न आम्हालाही आहेच. हलक्या मोपेड कायद्याने सायकल मार्गावरून जायच्या. इतका वैताग झाला की आम्सटरडॅमने एप्रिल २०१९ पासून रिंगरोडच्या आत त्यांना गाड्यांच्या रस्त्यावर पाठवलं आणि हेल्मेट सक्तीचं केलं. आता त्यांची जागा जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींनी घेतलीय, वर बारा-चौदा वर्षांची पोरं.

तुमच्याकडे ई-बाइक ट्रेलवर चालतात का?

हर्न्डनकर

चालतात. इथे तीन वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांची मोटर ताशी २० मैलांना, म्हणजे ३२ किमीला, मदत थांबवते. तिसऱ्याची २८ मैलांना, म्हणजे ४५ किमीला. दुसऱ्या वर्गाला पेडल न मारता थ्रॉटलवर पळवता येतं. कागदावर हे छान आहे. ट्रेलवर मात्र कुठल्या वर्गाचं स्टिकर आहे हे कोण वाकून बघणार? आणि इंटरनेटवरून मागवलेल्या काही "सायकली" या पेडलं नावापुरती लावलेल्या मोटरसायकलीच असतात.

माझ्या मते ३२ किमीचा वेग मोकळ्या सरळ पट्ट्यावर, लीसबर्गच्या बाजूला, सकाळी सहा वाजता ठीक. व्हिएन्नाला ट्रेलच्या कडेला आगगाडीचा जुना लाल डबा आहे त्याच्यापाशी रविवारी दुपारी, आइस्क्रीम हातात घेतलेली पोरं असताना, १५ सुद्धा जास्त.

बिनगिअरचा

ई-बाइकवाल्यांना झोडपायची फॅशन आहे म्हणून उलट बोलतो. सगळ्यात आडमुठे मला लायक्रावाले भेटलेत, स्वतःच्या पायांच्या जोरावर ४० ने जाणारे आणि "माझी सरासरी बिघडेल" म्हणून ब्रेक न लावणारे. साठीतल्या एक काकू ई-बाइकवर मुलाकडे जातात, मोगऱ्याची रोपं बास्केटमध्ये, कधी कोणाला त्रास नाही. वेगाला बोला, मोटरला नको.

चाकोरीबाहेर

+१. ट्रेल म्हणजे टाइम ट्रायलचा ट्रॅक नाही. हिशोब करून बघा: माझ्या वाटेवरचा गर्दीचा भाग फार तर तीन मैल. तो २० मैलांच्या ऐवजी १० च्या वेगाने काढला तर नऊ मिनिटं जास्त लागतात. नऊ मिनिटांत काय बुडतं? ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग. ती बुडालेली बरी.

हर्न्डनकर

आता दिव्यांवर थोडं, कारण नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की संध्याकाळी पाचच्या सुमारास काळोख होतो आणि ट्रेलच्या बहुतेक भागावर एकही दिवा नाही.

लोक दोन टोकं गाठतात. एक गट बटनाएवढा लुकलुकता दिवा लावून समाधानी. तो दिवा "मी आहे" एवढंच सांगतो, खड्डा दाखवत नाही. दुसरा गट डोंगरातल्या सायकलिंगचा हजार-दीड हजार ल्युमेनचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत मारत येतो. त्या दहा सेकंदांत मला ट्रेलची कड दिसत नाही, मधला काळा कुत्रा दिसत नाही, काहीच दिसत नाही. वर तो दिवा फ्लॅशिंग मोडवर असेल तर शिव्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

उपाय साधा आहे. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा असा नियम आहे, गाडीच्या लो बीमसारखा. त्या नियमात बसणारे दिवे इकडेही मिळतात. उजेड सगळा डांबरावर, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. नाहीच घ्यायचा तर आहे तो दिवा खाली झुकवा. भिंतीसमोर दहा-बारा पावलांवर सायकल उभी करा: प्रकाशाचा गोल हँडलच्या उंचीच्या बराच खाली पडायला हवा. फ्लॅशिंग दिवसा रस्त्यावर ठीक, अंधारात ट्रेलवर नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरणांचा मिलनाचा हंगाम असतो, तेव्हा ती बेभान पळतात. एक हरीण आडवं गेलं की लगेच निघू नका. मागे दुसरं असतंच.

लोणकढी

हर्न्डनकर, चालणाऱ्यांसाठी पण सांगा ना काहीतरी. बाबांना रिफ्लेक्टरचं जाकीट घाल म्हटलं तर "मी काय रस्ता झाडायला निघालोय?" म्हणाले.

हर्न्डनकर

पट्टे मिळतात, घोट्याला बांधायचे. जाकिटापेक्षा जास्त दिसतात, कारण चालताना पाय हलतो आणि हलणारी चमक लांबूनही माणसाची वाटते. पँटखाली लपल्यासारखेही दिसतात, त्यामुळे बाबांची अब्रू शाबूत. आणि शक्यतो उजवी कड, एकेरी.

सदाफुली_रेस्टन

मी इथे नवीन, धागा वाचून धीर आला. दोन-तीन शंका. (१) ऑफिसला कुर्ता-लेगिंग घालून जाते, ओढणीचं काय करायचं? (२) हेल्मेट महागच घ्यावं लागतं का? (३) हिवाळ्यात एकटीने अंधारात यायचं म्हणजे पोटात गोळा येतो. तुम्ही बारा महिने जाता?

अंजिरी

सदाफुली, ओढणी बॅगेत. यात तडजोड नाही. मागच्या चाकात गेली तर गळ्याशीच येते. चेनवर पूर्ण आवरण असलेली सायकल घेतलीस तर लेगिंगही वाचेल. बॅग पाठीवर नको, कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पॅनिअर घे, उन्हाळ्यात इथल्या दमट हवेत पाठ भिजून जाते.

हेल्मेटसाठी व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेची रेटिंग बघ, फुकट बघता येतात. तारे दिलेले असतात. महाग म्हणजे जास्त तारे असं अजिबात नाही, बऱ्यापैकी स्वस्त हेल्मेटंही वरच्या श्रेणीत आहेत. फक्त जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नकोस, बाहेरून धड दिसलं तरी.

चाकोरीबाहेर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बारा महिने सायकलवर नाही, आणि तसा हट्ट कोणी धरू नये. थंडीचा प्रश्न नाही, हातमोजे चांगले असले की पुरतं. प्रश्न बर्फाचा. आर्लिंग्टन काउंटी आपल्या हद्दीतल्या मुख्य ट्रेलवरचा बर्फ काढते. तुमच्या बाजूला तो ऊन पडेल तेव्हा वितळतो, आणि दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठून जी काच तयार होते ती दिव्यातही दिसत नाही. ट्रेलवरचे लाकडी पूल तर जमिनीआधीच गोठतात, साध्या पावसातही निसरडे होतात. पुलावर ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जाऊ द्यायचं. ओल्या पानांवरही तेच.

एकटीने अंधारात येण्याचं म्हणाल, तर रेस्टनमध्ये तुम्हाला सोपी सोय आहे. मेट्रोची सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ पासून अ‍ॅशबर्नपर्यंत जाते, आणि सायकल आता गर्दीच्या वेळीही डब्यात नेता येते. मधलं दार सोडून बाकीच्या दारांनी चढायचं, एवढाच नियम. सकाळी उजेडात सायकलने जायचं, संध्याकाळी सायकल घेऊन मेट्रोने यायचं. डिसेंबर-जानेवारीत मीही हेच करतो. नाहीतर हर्न्डनकर पावणेसहाला रेस्टनच्या विले मेट्रो स्टेशनवरून पश्चिमेकडे निघतात, त्यांना विचारा.

हर्न्डनकर

सव्वासहा, ट्रेन वेळेवर असेल तर. सदाफुली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारपासून जाऊ. दिवा आणा, आणि तो खाली झुकवून आणा.